कल्पनेची मजुरी
(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विज्ञानकथा आणि अद्भुतकथा हा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. परग्रहांची चिंता वाहण्यास आपल्याला सवड नाही, हे खरेच. परंतु परग्रह रचणारा माणूस याच पृथ्वीवर राहतो, घरभाडे देतो आणि आजारी पडतो. मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेतील ॲलन डीन फॉस्टर या लेखकाचे प्रकरण पाहा. 'स्टार वॉर्स' चित्रपट येण्याआधीच, १९७६ साली, त्याची कादंबरी बाजारात आली. मुखपृष्ठावर नाव होते जॉर्ज ल्यूकस यांचे. लिहिली होती फॉस्टर यांनी. 'एलियन' चित्रपटावरील कादंबरीही त्यांचीच. पुढे २०१२ साली डिस्नेने ल्यूकसफिल्म ही कंपनी घेतली आणि २०१९ मध्ये फॉक्सचा चित्रपटव्यवसाय. पुस्तके विकली जात होती; पण आपले मानधन थांबले, अशी फॉस्टर यांची तक्रार होती. ते व त्यांच्या पत्नी दोघेही त्या सुमारास आजारी होते. लेखकपक्षाने जाहीर केल्याप्रमाणे कंपनीचा युक्तिवाद असा, की आम्ही करारातील हक्क विकत घेतले, देणी नव्हेत! गिरणी घ्यायची, साचे घ्यायचे, आणि कामगारांच्या थकबाकीसाठी जुन्या मालकाकडे बोट दाखवायचे, हा न्याय गिरणगावाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एकटा लेखक अशा भांडवलापुढे काय करणार? फॉस्टर यांच्या मागे संघटना होती. डेमन नाइट यांच्या पुढाकाराने १९६५ साली सायन्स फिक्शन रायटर्स ऑफ अमेरिका या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. तेव्हा अध्यक्षा होत्या मेरी रॉबिनेट कोवाल. वाटाघाटीपूर्वी गुप्ततेच्या करारावर सही करा, ही अट त्यांनी मानली नाही. २०२१ मध्ये इतर लेखकसंघटनाही सामील झाल्या आणि काही नामवंतांची देणी मिटली. ज्यांची नावे वाचकाला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी मात्र पाठपुरावा चालूच ठेवावा लागला. नामवंतांचे आधी मिटते. हेही आपल्या परिचयाचे आहे.

ही संस्था आजारी लेखकांसाठी आणि कोर्टकज्जांसाठी निधी राखते. लेखकांना लुबाडणाऱ्या प्रकाशक-दलालांविषयी सावध करणारा तिचा उपक्रम १९९८ पासूनचा. कथेला शब्दामागे किमान आठ सेंट मिळाले तरच तो व्यावसायिक दर, असे तिने २०१९ मध्ये ठरवले. कल्पनेला दर ठरवणे काही रसिकांना अरसिक वाटेल. ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, त्यांना ते वाटणे सोपे आहे.

मराठीत या लेखनाला आधार मिळाला तो वेगळ्या वाटेने. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, हे सर्वश्रुत आहे. 'नवल'सारखी मासिके होती, दिवाळी अंक होते. हे ऋण मोठे आहे. तथापि नारळीकर, बाळ फोंडके हे व्यवसायाने वैज्ञानिक. चरितार्थ कथेवर नव्हता. बक्षिसाने लेखक उजेडात येतो, पण त्याचे घर चालत नाही. मग भविष्याची चित्रे रंगवण्याची मुभा मुख्यत्वे स्थिर नोकरीवाल्यालाच उरते. कंत्राटी कामगाराच्या मुलीने उद्याच्या कारखान्याची कथा लिहिली, तर ती नक्कीच निराळी असेल. पण तिला ती लिहायला वेळ कोण देणार?

कायदा अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी हवे आणि त्यात मोबदल्याचा उल्लेख हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास तो संपुष्टात येतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी तरुण लेखक कोऱ्या मनाने सह्या करतात.

आपल्या कामगार कायदा सल्ला केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ लेखकांचे करारनामे वाचण्यासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. वकील साथींनी तयारी दाखवली, तर येत्या महिन्यापासून सुरुवात करता येईल.