डॉक्टर व्हायचंय, मग गणित सोडायचं का?



दहावीचा निकाल लागला की आपल्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी बदलते. शेळी, शिलाई मशीन मागे पडतं आणि क्लासच्या फीचे अर्ज पुढे येतात. लेकीला डॉक्टर व्हायचं असतं. पैशाचं आपण बोलूच, पण त्याआधी अकरावीच्या फॉर्मवर विषय कोणते भरायचे, हे घरात बसून ठरवा.

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय घेता येतात. पण बऱ्याच मुली गणित सोडून भूगोल घेतात. म्हणतात, डॉक्टरला गणित कशाला? नियमाने त्यांचं बरोबर आहे. 'नीट' परीक्षेत गणिताचा पेपर नसतो. एकूण ७२० गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. उरलेले भौतिक आणि रसायन यांचे, १८०-१८०.

पण भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बघा. त्रिकोणमिती, आलेख, समीकरणं पानोपानी आहेत. विषय सोडला तरी गणित सुटत नाही. नर्सिंगमध्येही तेच. ५०० मिलीची सलाईन ४ तासांत द्यायची आणि सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? सुमारे ४२. हा हिशोब पेशंटच्या उशाशी उभं राहून करावा लागतो.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. २०२५ साली 'नीट'ला देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे हुशार, कष्टाळू मुलीही बाहेर राहतात. तेव्हा हातात काय उरतं, ते आज घेतलेल्या विषयांवर ठरतं. जीवशास्त्र असेल तर नर्सिंग, फार्मसी, कृषी, बीएस्सी हे रस्ते आहेतच. सोबत गणित असेल तर सीईटीचे दोन्ही गट देता येतात आणि इंजिनिअरिंगचं दारही उघडं राहतं.

मग प्रत्येकीने चारही विषय घ्यावेत का? तसं नाही. गणिताला रोजचा वेळ लागतो आणि तो 'नीट'च्या अभ्यासातूनच काढावा लागतो. मुलगी दहावीत गणिताला रडत होती, तर ओझं लादू नका. पण जमत असताना केवळ मैत्रिणीने सोडलं म्हणून सोडू नका. सुट्टीत पंधरा दिवस तिला अकरावीच्या पुस्तकातली गणितं सोडवू द्या. जमतंय का, हे तिचं तिलाच कळेल. निर्णयही तिलाच घेऊ द्या, कारण अभ्यास तिला करायचा आहे.

आता पैसे. फीचं कर्ज काढण्याआधी कॉलेजात जाऊन या. प्रयोगशाळा रोज उघडते का, चारही विषयांचे शिक्षक आहेत का, ते विचारा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. क्लासची फी एकदम न भरता हप्त्याने भरा. पहिल्या चाचणीचे गुण बघा, मग पुढचा हप्ता द्या.

आणि लेकीला एक सांगून ठेवा. डॉक्टर झालीस तर आनंदच आहे, नाही झालीस तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. एवढा शब्द मिळाला की मुली मन लावून अभ्यास करतात.