फुकटाची सवय
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भारतात गल्लीतल्या दुकानातून जोडून घेतलेला काँप्युटर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. त्यात विंडोज असायचं, पण बिलात त्याची किंमत कुठेच नसायची. प्रश्न असा, की एवढी मोठी कंपनी हे चालू का देते?

१९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून, तुम्ही सॉफ्टवेअर चोरता, असं खडसावलं होतं. तेच गेट्स १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात म्हणाले, की चीनमधले लोक पैसे देत नाहीत. पण चोरायचंच असेल तर त्यांनी आमचंच चोरावं. एकदा चटक लागली, की वसुली कशी करायची ते पुढच्या दहा वर्षांत बघू!

हिशेब सरळ आहे. एक कॉपी जास्त निघाल्याने कंपनीला खर्च येत नाही. कॉपी बंद केली तर घरगुती गिऱ्हाईक पैसे देईलच असं नाही. ते फुकटच्या लिनक्सकडे वळेल. त्यापेक्षा त्याची बोटं विंडोजलाच सरावलेली बरी. उद्या तो नोकरीला लागला की ऑफिसातही तेच मागेल, आणि ऑफिसकडून वसुली करता येते. तिथे हिशेब तपासता येतो, नोटीस पाठवता येते. नव्या लॅपटॉपमध्ये तर लायसनची रक्कम किमतीतच धरलेली असते.

म्हणून कंपनी चिमटा काढते, पण गळा दाबत नाही. २००८ साली चीनमध्ये बनावट विंडोजचा पडदा दर तासाला काळा व्हायचा. लोक भडकले, पण मशीन चालूच राहिलं. विंडोज १० मध्येही लायसन नसेल तर कोपऱ्यात सूचना दिसते, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, बाकी काम चालतं.

पण मंडळी, कंपनीने कानाडोळा केला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. शिवाय लायसनचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर व्हायरसही घरात येऊ शकतो. त्याच मशीनवर आपले आई-बाबा बँकेचे व्यवहार करतात.

सवय दुसरीही लावता येते. केरळच्या सरकारी शाळांनी मुलांना लिनक्सवर शिकवून ते दाखवून दिलं. तेव्हा पुढच्या भारतभेटीत घरच्या काँप्युटरकडे जरा बघा. विंडोज हवं असेल तर लायसन घेऊन द्या, नाहीतर लिनक्स घालून द्या. फुकट मिळालेल्या विंडोजची किंमत आपण सवयीच्या रूपाने मोजतच असतो.