दाराशी आलेला माणूस



त्यागी जीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विहार करणारे मुनी उभे राहतात. ख्रिस्ती धर्मातही घरदार सोडून व्रतस्थ राहणाऱ्यांची दीर्घ परंपरा आहे. इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. प्रार्थनेबरोबरच दार कोणी उघडावे, अतिथीला कसे वागवावे, वस्त्रे कशी द्यावीत, याचाही तीत बारकाईने विचार आहे.

मठाच्या दाराशी विचारी, वयस्क माणूस असावा आणि गरिबाने हाक देताच त्याने ईश्वराचे आभार मानूनच ओ द्यावी, असे हे नियम सांगतात. येणारा प्रत्येक अतिथी म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्त, ही त्यामागील श्रद्धा. त्यातही गरीब आणि यात्रेकरू यांची अधिक काळजी घ्यावी, असा आग्रह आहे. कारण मोठे व्यावहारिक आहे. श्रीमंताला मान मिळवून देण्यास त्याचा दरारा पुरेसा असतो. गरिबाचा मान मात्र कोणीतरी जाणीवपूर्वक राखावा लागतो. महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वांना बोलावून विचारावे, कारण योग्य गोष्ट पुष्कळदा वयाने लहान असणाऱ्यालाच सुचते, असेही तेथे म्हटले आहे.

वस्त्रांविषयीचा नियम तर कापडाच्या प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. कापड त्या भागात स्वस्त मिळेल ते चालेल. परंतु वस्त्र आखूड होऊ नये, ज्याचे त्याच्या मापाचे असावे, याकडे मठप्रमुखाने स्वतः लक्ष द्यावे. मापाचे वस्त्र द्यायचे तर समोरच्या माणसाकडे एकदा नीट पाहावेच लागते. गठ्ठ्यातून हाताला लागेल ते काढून दिल्यास दान घडते, सन्मान घडत नाही.

महाराष्ट्रातही या विचाराचा एक प्रयोग झाला. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ साली तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू करणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्या काळी इंग्रज मिशनरी बहुधा बंगल्यात राहत आणि देशी सहकारी हाताखालचा समजला जाई. संघात मात्र दोघेही खादी नेसून, जमिनीवर बसून, एकाच पंगतीत शाकाहारी भोजन घेत. राज्यकर्त्यांच्या जातकुळीतील माणसाने रयतेच्या पंगतीला बसणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. पुढे पुण्यात शिवाजीनगरला आश्रम झाला. १९२७ साली आलेले व्हेरियर एल्विन काही वर्षे संघात राहिले आणि नंतर त्यांनी आपले आयुष्य आदिवासींमध्ये घालविले. १९७२ साली त्याच आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींनी एकत्र राहून नवे जीवन सुरू केले. पारशी कुटुंबात जन्मलेल्या वंदना माताजी त्यांपैकी एक होत.

ईश्वराविषयीची आपली धारणा त्यांच्याहून भिन्न आहे. तथापि प्रत्येक जीव आत्मस्वरूपाने समान, हे तत्त्व आपण मानतो. प्रश्न आहे तो आचरणाचा.

आपल्या वाशिम जिल्ह्यात शिरपूर, कारंजा, पोहरादेवी येथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. आपल्याकडे धर्मशाळा आहेत, अन्नदान आहे, वस्त्रदान आहे. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, ते योग्यच आहे. परंतु रात्री उशिरा आलेल्या अनवाणी माणसाशी दाराशी कोण बोलतो आणि कोणत्या शब्दांत बोलतो? वस्त्र देताना छायाचित्र काढले जाते, तेव्हा घेणाऱ्याची मान खाली का असते? पंगतीत उष्टी पाने उचलणाऱ्याला आपण नावाने ओळखतो काय?

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेचा जमाखर्च सभेपुढे मांडला जाईलच. या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाहीत; ती आपल्या दाराशी जाऊनच शोधावी लागतील.