धोका आधी सांगा, सही नंतर घ्या

आज इंदिरानगरातून बोलतोय. विषय छोटाच आहे: आपल्या सेवेतला धोका ग्राहकाला कधी सांगायचा?

सप्टेंबर 2019 आठवा. रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ठेवींवरचा विमा तेव्हा 1 लाखापर्यंतच होता, आणि कितीतरी खातेदारांना हे त्या गोंधळात कळलं. पुढच्याच महिन्यात एचडीएफसी बँकेच्या पासबुकावरचा शिक्का व्हॉट्सॲपवर फिरला. त्यावर हीच मर्यादा लिहिलेली. लोक घाबरले. हा शिक्का 2017 च्या परिपत्रकानुसार आहे, असा खुलासा बँकेला करावा लागला. म्हणजे नियम जुनाच, पण संकटात वाचला की धमकी वाटतो.

आता आपला धंदा बघा. दुकानदाराला क्लाउडवरचं बिलिंग सॉफ्टवेअर विकताना आपण म्हणतो, ‘99.9 टक्के वेळ चालू’. त्याला ऐकू येतं, ‘कधीच बंद पडत नाही’. हिशोब केला तर महिन्याला साधारण 43 मिनिटं बंद. ती नेमकी दिवाळीच्या संध्याकाळी आली तर?

म्हणून डेमोमध्येच सांगायचं: “काका, हे कधीतरी बंद पडेल, बिलबुक जवळ ठेवा. बॅकअप रात्री होतो, मध्येच गडबड झाली तर त्या दिवसाच्या नोंदी जाऊ शकतात.”

एखादं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. जो थांबेल, तो त्या संध्याकाळी आपल्याला शिव्या घालण्याआधी बिलबुक काढेल.

भेटू पुढच्या भागात!