विमानाचे उतरणे आणि वेळेचे भान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी एक निवृत्त शिक्षक. विमानाशी माझा संबंध प्रवासी म्हणून आला तेवढाच. परंतु माझा पुतण्या वैमानिक आहे आणि “काका, विमान उडविण्यापेक्षा उतरविणे अवघड,” असे तो नेहमी म्हणतो. त्याने मला समजावून दिलेले आज आपणांपुढे ठेवतो.

विमान धावपट्टीकडे साधारणतः 3 अंशांच्या उताराने येते. म्हणजे दर सागरी मैलास सुमारे 300 फूट उंची कमी होते. वेग घटला की पंखांची उचल घटते. ती भरून काढण्यासाठी पंखांचे फ्लॅप टप्प्याटप्प्याने बाहेर काढावयाचे आणि चाके खाली सोडावयाची. या दोहोंमुळे हवेचा विरोध वाढतो. हे फार लवकर केले तर इंजिनांस अधिक जोर लावावा लागतो; इंधन व्यर्थ जळते आणि खालच्या वस्तीस गोंगाट सोसावा लागतो. फार उशिरा केले तर वेग आवरत नाही. म्हणून सामान्य दंडक असा की, ढगाळ हवेत 1,000 फुटांवर व स्वच्छ हवेत 500 फुटांवर येईतो वेग, उतार, फ्लॅप व चाके ही सर्व ठाकठीक झालेली असावीत. तसे नसेल तर उतरण्याचा हट्ट सोडून पुन्हा वर जावे.

हा दंडक मोडल्याचे फळ भयंकर असते. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टीकडे प्रमाणाबाहेर उंचावरून आले. सहवैमानिकाने तीन वेळा वर जाण्यास सुचविले; मुख्य वैमानिकाने ते मानले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. सुमारे 8,000 फुटांच्या धावपट्टीपैकी 5,200 फूट मागे पडल्यावर विमान टेकले आणि पुढे दरीत कोसळले. 158 जीव गेले. केवळ 8 वाचले.

काटकसर हा सद्गुण खरा; परंतु इंधनाच्या चार थेंबांसाठी किंवा मानापमानासाठी सुरक्षिततेची सीमा ओलांडणे ही काटकसर नव्हे. आपल्या घरांतही धाकट्याने वेळीच “थांबा” म्हटले, तर वडिलांनी ते ऐकण्यात कमीपणा मानू नये. माघार घेऊन पुन्हा प्रयत्न करणे हा पराभव नसून शहाणपण आहे.