वांट्याची भाजी

अमेरिकेंत कांहीं शहरी कुटुंबें शेतकऱ्याच्या पिकांत वांटेकरी होतात. १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत तेथें ही प्रथा सुरू झाली. हंगामाचे पैसे आगाऊ भरावयाचे आणि पिकेल तें दर आठवड्यास घ्यावयाचें; पीक बुडाल्यास तोटा उभयतांचा. पेरणीच्या वेळीं शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो हें उत्तमच. परंतु जुलै-ऑगस्टांत या कराराचा भार चुलीवर पडतो.

काय खावेंसें वाटतें, हा प्रश्न तेव्हां गैरलागू. आधीं काय नासेल, तें पाहावयाचें. पालेभाजी पहिल्या दिवशीं. मक्याचीं कणसेंहि त्याच दिवशीं, कारण तोडल्यापासून त्यांची गोडी ओसरूं लागते. बीटचीं पानें लगेच कापावीं, नाहीं तर तीं कंदांतील ओल शोषितात. टोमॅटो शीतकपाटांत कोंडूं नयेत, स्वाद जातो. कांदे-बटाटे थांबतील.

खरी पंचाईत झुकिनीची. भोपळ्याच्या कुळांतील ही भाजी. कोवळी असतां न तोडल्यास थोडक्याच दिवसांत तिचें मुसळ होतें, आणि तोडावी तों अधिकच येते. अंगीं पाणी फार, म्हणून तशीच परतल्यास लगदा होतो. ती किसून, मीठ लावून, घटकाभरानें पिळावी. तेथील मराठी गृहिणीस हें शिकवावयास नको. काकडीच्या थालीपिठाला सरावलेला हात तें पाणीहि फेकीत नाहीं. त्यांतच भाजणी भिजवितो. मात्र वरून मीठ घालूं नये! राहिलेली शेजारीं द्यावी म्हटलें, तर त्यांच्याहि परसांत तीच माजलेली असते.