मालिकेतले घर आणि बेटावरचे गाव

जत्रेत वग संपला की पोरे कनातीमागे डोकवायला धावतात. मघाचा राजा तिथे तोंडाचा रंग पुसत, बिडी ओढत बसलेला असतो. पोरांना वगापेक्षा त्याचीच गंमत जास्त वाटते. मोठी माणसे तरी वेगळे काय करतात? टेलिव्हिजनवर जुन्या काळची एखादी मालिका आवडली, की तिचे चित्रीकरण जिथे झाले ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असे त्यांना वाटू लागते. मलाही वाटले, आणि त्या हौसेपायी मी ग्रीस देशातल्या कॉर्फू बेटावर जाऊन आलो.

हे बेट ग्रीसच्या वायव्येला, आल्बेनियाच्या किनाऱ्यासमोर आहे. लांबी सुमारे ६० किलोमीटर. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, आणि डोंगरभर ऑलिव्हची झाडे. १३८६ पासून १७९७ पर्यंत इथे व्हेनिसचे राज्य होते. ही झाडे लावायला त्यांनीच लोकांना उत्तेजन दिले. आपल्याकडच्या जुन्या वडासारखे त्यांचे बुंधे पिळवटलेले आणि पोकळ झालेले दिसतात.

मालिकेचे नाव ‘द ड्युरेल्स’. २०१६ ते २०१९ या काळात ती इंग्लंडमध्ये दाखवली गेली. तिच्यातली मुख्य बाई लुईसा ड्युरेल ही खरी होऊन गेलेली बाई, आणि तिचा जन्म आपल्या रुडकीचा. नवरा हिंदुस्थानात इंजिनिअर होता, तो १९२८ साली वारला. धाकटा मुलगा जेराल्ड १९२५ साली जमशेदपूरला जन्मला. नवऱ्यामागे ही बाई इंग्लंडला गेली, आणि १९३५ साली चार मुलांना घेऊन कॉर्फूला आली. जेराल्ड तेव्हा दहा वर्षांचा. मोठेपणी त्याने त्या दिवसांवर एक पुस्तक लिहिले, ते १९५६ साली निघाले. त्याच्यावरून १९८७ साली बीबीसीने एक मालिका केली होती, आणि पुढे ही दुसरी.

आता घर पाहायचे. शहराच्या उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने आमची होडी चालली होती. होडीवाल्याने इंजिन मंद केले आणि हात करून दाखवले. पाण्याला टेकलेले जुने घर! मालिकेत पाहिलेले अगदी तेच. होडीतल्या सगळ्यांनी फोटो काढले. पण घर खासगी मालकीचे, आत जाता येत नाही. आणि खरे सांगायचे तर ड्युरेल मंडळी या घरात कधी राहिलीच नव्हती. ती एकामागून एक तीन घरांत राहिली, आणि ती घरे वेगळी. शिवाय मालिकेतली घरातली पुष्कळ दृश्ये लंडनच्या स्टुडिओत घेतलेली आहेत. म्हणजे अंगणातून स्वयंपाकघरात शिरेपर्यंत बाई लंडनला पोचलेली असते!

दानिलिया म्हणून एक गाव आहे, त्याची तऱ्हा आणखीच निराळी. दगडी वाटा, कमानी, चौक, सगळे शंभर वर्षांपूर्वीचे वाटावे असे. पण हे गाव १९७० नंतर मुद्दाम जुन्या नमुन्यावर बांधलेले आहे. तिथे कोणाच्या पिढ्या नांदलेल्या नाहीत. चित्रीकरणाला मात्र ते फार सोयीचे, कारण विजेच्या तारा नाहीत, मोटारी नाहीत, दुकानांच्या नव्या पाट्या उतरवाव्या लागत नाहीत.

खरे घर पाहायचे असेल तर ईशान्य किनाऱ्यावर कलामीला जावे. थोरला भाऊ लॉरेन्स, जो पुढे मोठा लेखक झाला, तो तिथल्या पांढऱ्या घरात राहत असे. ते घर अजून उभे आहे, आणि खाली खाणावळ चालते. लॉरेन्सबरोबर त्याची बायको नॅन्सी होती. जेराल्डच्या पुस्तकात मात्र लॉरेन्स आईजवळच राहतो, आणि नॅन्सीचा पत्ताच नाही. थोरल्या सुनेला पुस्तकातून असे साफ वगळले आहे! पुस्तक गोड आहे, पण ते आठवणींचे आहे, दप्तरातली नोंद म्हणून ते वाचू नये.

शिक्षक मंडळींना मला खरी सांगायची आहे ती गोष्ट पुढेच आहे. जेराल्डचा गुरू थिओडोर स्टेफनिडीस. हा ग्रीक डॉक्टर १८९६ साली आपल्या मुंबईत जन्मला. १९०७ साली त्याचे कुटुंब कॉर्फूला आले. क्ष-किरणांचा डॉक्टर, आणि डबक्यातल्या सूक्ष्म जिवांचा मोठा अभ्यासक. जेराल्डला मातीच्या उतारावर झाकण असलेली बिळे सापडली होती. ती कोणाची हे विचारायला त्याला या डॉक्टराकडे नेले. ती एका जातीच्या कोळ्याची बिळे होती. डॉक्टर नुसते उत्तर देऊन थांबला नाही. तो पोराबरोबर चालत बिळे पाहायला गेला, आणि पुढे त्याने पोराला खिशात मावेल असा सूक्ष्मदर्शक पाठवून दिला. दहा वर्षांच्या मुलाशी तो बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसा बोले. त्याच मुलाने १९५९ साली जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय काढले, आणि नामशेष होऊ घातलेले प्राणी वाचवण्यात आयुष्य घालवले.

त्या भागात एक ओहोळ मला मिळाला. मालिकेच्या नकाशात तो नाही. काठावर बसलो. गोगलगाई, पाणकिडे, एक कासव. होडीतल्या फेरीत जे सापडले नव्हते ते इथे थोडेफार सापडले.

शहरात किल्ल्यासमोर मोठे मैदान आहे, स्पिआनाडा. १८१५ ते १८६४ या काळात बेटावर इंग्रजांचा अंमल होता, आणि १८२३ साली त्यांनी इथे क्रिकेट आणले. ग्रीसमध्ये क्रिकेट! शेजारी फ्रेंचांनी बांधलेल्या कमानी आहेत, त्यांखाली लोक कॉफी घेत बसतात. मैदानाच्या कडेच्या बागेला ड्युरेल बंधूंचे नाव दिले आहे.

मालिका १९३९ साली संपते. युद्ध येते, आणि कुटुंब बेट सोडून जाते. ऊन तसेच, समुद्र तसाच, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत थोडे पाणी. पण बेट तिथेच राहिले होते ना? १९४३ च्या सप्टेंबरात जर्मन विमानांनी शहरावर बाँब टाकले. जुन्या वस्तीचा मोठा भाग गेला, नाट्यगृह गेले, ग्रंथालय गेले. नंतर ९ जून १९४४ च्या सकाळी या मैदानाच्या खालच्या अंगाला ज्यू लोकांना घराघरांतून आणून उभे केले. बेटावर ते सुमारे दोन हजार होते, शेकडो वर्षांपासून राहत आलेले. त्यांना समोरच्या किल्ल्यात कोंडले, आणि तिथून बोटींनी व आगगाडीने आउशविट्झच्या छावणीत नेले. फार थोडे परत आले. आपला मुंबईचा डॉक्टर तोवर इंग्रजी सैन्यात वैद्य म्हणून दाखल झाला होता. त्याची बायको आणि मुलगी त्या काळात इंग्लंडमध्ये ड्युरेलांच्याच घरी राहत होत्या.

ज्यूंची आळी दुसऱ्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. पडक्या भिंती अजून दिसतात. एक प्रार्थनामंदिर शिल्लक आहे. जवळच्या चौकात २००१ साली उभारलेला एका कुटुंबाचा ब्राँझचा पुतळा आहे. बाईच्या हातात तान्हे मूल आहे.

मी तिथे उभा होतो तेव्हा एका जोडप्याने मला विचारले, “ड्युरेल्सचे घर कुठे हो?” मी त्यांना होड्या सुटतात तो धक्का दाखवला. ते निघाले, आणि चार पावलांवरून मागे वळून त्यांनी पुतळा कोणाचा म्हणून विचारले. मग आम्ही तिघे बराच वेळ तिथेच बोलत राहिलो. त्या दिवसाची शेवटची होडी त्यांची चुकली.